सावली न पडणाऱ्या अक्षरांचा शोध

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या स्मरणग्रंथात क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शनाचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. मराठी विषयाच्या अध्यापकाने तो लिहावा याचेही नवल वाटेल. परंतु या विषयाशी माझी ओळख झाली ती जुन्या पोथ्यांच्या वाटेने. दमट हवेने पाने एकमेकांस चिकटून ज्यांची वीट झाली आहे अशा पोथ्या आपल्या भागातील अनेक घरांत, मठांत आणि देवळांत आजही आहेत. उघडाव्यात तर पानांचे तुकडे पडतात आणि न उघडाव्यात तर आत काय लिहिले आहे ते कळत नाही. या पेचातून काही मार्ग निघू शकतो काय, याचा शोध घेताना भौतिकशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण समोर आले. त्याचे मर्म एवढेच की, वस्तूला इजा न करता तिचे अंतरंग पाहण्याची विद्या माणसाने टप्प्याटप्प्याने कशी मिळवली. या विद्येचा महत्त्वाचा भाग गेल्या शंभर वर्षांतला, म्हणजे आपल्या ग्रंथालयाच्या आयुष्यातलाच आहे. त्यातील भारतीय अध्याय तर इंदुरात, मराठी माणसांच्या जुन्या वस्तीच्या नगरीत, लिहिला गेला.

सावलीचे शास्त्र

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना एका नव्या किरणाचा शोध लागला. त्याचे स्वरूप ठाऊक नव्हते म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे चिन्ह त्यांनी त्याला दिले. आपल्याकडे अज्ञात राशीला 'क्ष' म्हणण्याचा प्रघात असल्याने मराठीत तो 'क्ष-किरण' झाला. हे नाव इतके नेमके बसले की तो भाषांतरित शब्द आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच वर्षी २२ डिसेंबरला राँटगेन यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे क्ष-किरण छायाचित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांतील अंगठी ठळक उमटली, मांस मात्र धुक्यासारखे फिकट राहिले. १९०१ साली भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

या चित्राला आपण छायाचित्र म्हणतो ते अगदी शब्दशः खरे आहे. हाडात कॅल्शियम असते. ते क्ष-किरण अधिक शोषते, म्हणून त्याची सावली पडते. मांस, कागद, लाकूड, कोळसा हे पदार्थ मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे बनलेले असतात. क्ष-किरण त्यांतून जवळजवळ अडथळ्याविना निघून जातात. ज्याची सावली पडत नाही ते या चित्रात नसल्यासारखेच होते. पुढे साठ-सत्तर वर्षे वैद्यकात आणि कारखान्यांत क्ष-किरणांचा जो वापर झाला तो जवळपास सर्व या सावलीच्या शास्त्रावर उभा होता.

याला दुसरी एक बाजू होती आणि ती राँटगेन यांनी त्याच सुमारास तपासून पाहिली होती. प्रकाश काचेच्या लोलकातून जाताना वळतो, तसे हे किरण वळतात काय, हे त्यांनी निरनिराळ्या पदार्थांचे लोलक वापरून पाहिले. त्यांना वळण आढळले नाही. वळण खरोखर होते, पण ते इतके अल्प होते की त्या काळच्या साधनांनी ते कळणे शक्यच नव्हते. एखादा किरण किलोमीटरभर सरळ जावा आणि तेवढ्या अंतरात जेमतेम काही मिलिमीटर बाजूला सरकावा, असे हे वळण असते. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या नगण्य वाटणाऱ्या वळणात आहे.

कला म्हणजे काय

१९१२ साली माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकांचा उपयोग करून क्ष-किरण हेही प्रकाशासारख्या लहरीच आहेत हे दाखवून दिले. लहर म्हटली की तिच्या दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक तिची उंची, म्हणजे जोर, आणि दुसरी तिच्या चढउताराची अवस्था. या अवस्थेला मराठी परिभाषेत 'कला' म्हणतात. चंद्राच्या कला हा शब्द आपल्या परिचयाचा आहे. चंद्र वाढत्या अवस्थेत आहे की घटत्या, हे जसे कलेवरून समजते, तशीच लहर चढावर आहे की उतारावर, हे तिच्या कलेवरून कळते.

दोन लहरी खांद्याला खांदा लावून निघाल्या आणि त्यांपैकी एक कागदासारख्या पारदर्शक पदार्थातून गेली असे समजू. बाहेर येताना तिचा जोर जवळजवळ तेवढाच असतो, पण सोबतीणीशी असलेले तिचे पाऊल चुकलेले असते. हे पाऊल चुकणे हीच त्या पदार्थाची खूण. अडचण अशी की आपला डोळा, छायाचित्राची फिल्म आणि आजची इलेक्ट्रॉनिक साधने यांना केवळ जोर मोजता येतो, कला मोजता येत नाही. खूण किरणाबरोबर आलेली असते, पण ती वाचणारा कोणी नसतो.

पारदर्शक वस्तूची ही खूण निसर्ग कधीकधी आपणहून दाखवतो. पाण्याच्या पेल्यात साखर विरघळताना ज्या नागमोडी रेघा दिसतात त्यांत रंग नसतो. वैशाखात तापलेल्या रस्त्यावरची हवा थरथरताना दिसते तीही पारदर्शकच असते. उथळ, निवळ ओढ्याच्या तळाशी उन्हाची जाळी हलत असते. ती पाण्याने प्रकाश अडवल्यामुळे पडलेली नसते, तर पाण्याच्या वरखाली पृष्ठभागाने प्रकाश किंचित वळवून एके ठिकाणी दाट आणि दुसऱ्या ठिकाणी विरळ केल्यामुळे पडलेली असते. ओढ्याच्या तळावरची ही जाळी ध्यानात ठेवली तर पुढचा इतिहास समजण्यास फारसे कष्ट पडणार नाहीत.

झर्निके यांची युक्ती

कला डोळ्यांना दिसेल अशी करण्याची पहिली यशस्वी युक्ती साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात झाली. तिचे जनक हॉलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठाचे फ्रिट्स झर्निके हे होत. त्यांच्या आधी जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर ती जवळजवळ दिसतच नसे, कारण ती पाण्याइतकीच पारदर्शक असते. ती दिसावी म्हणून तिला रंग द्यावा लागे आणि रंग देण्याच्या त्या प्रक्रियेत ती बहुधा मरून जाई. जीवशास्त्रज्ञ जीवनाचा अभ्यास मृत पेशींवर करीत, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

१९३० च्या सुमारास झर्निके यांच्या लक्षात आले की, पारदर्शक वस्तूतून विखुरलेला प्रकाश हा सरळ आलेल्या प्रकाशाच्या तुलनेत पाव लहरीने मागे पडलेला असतो. सरळ आलेल्या प्रकाशाच्या वाटेत एक विशिष्ट जाडीची काच बसवून त्यालाही पाव लहरीने सरकवले की दोन्ही लहरी एकमेकींना वाढवतात किंवा मारतात. अशा रीतीने कलेतील फरक उजेड-अंधाराच्या फरकात उतरतो. या पद्धतीला इंग्रजीत 'फेज काँट्रास्ट' म्हणतात. या लेखात तिला 'कलाभेद' म्हटले आहे.

१९३२ साली झर्निके ही कल्पना घेऊन येना येथील प्रख्यात झाइस कारखान्यात गेले. तेथील जाणत्यांचे मत असे पडले की, यात काही व्यावहारिक अर्थ असता तर तो आम्हालाच आधी सुचला असता. झर्निके यांनी स्वतः हा प्रसंग नोबेल व्याख्यानात सांगितला आहे. पुढे महायुद्धाच्या धामधुमीत त्याच कारखान्याने असे सूक्ष्मदर्शक तयार केले आणि १९५३ साली झर्निके यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जिवंत पेशी विभागताना, रंग न देता आणि न मारता, प्रथमच नीट पाहता आली. इजा न करता पाहणे हे सूत्र या इतिहासात येथून सुरू होते.

क्ष-किरणांच्या प्रांतात

झर्निके यांची युक्ती क्ष-किरणांना लावणे सोपे नव्हते. काचेचे भिंग प्रकाशाला वळवते, क्ष-किरणांना नाही. प्रकाशाचा स्रोत हवा तसा शिस्तबद्ध करता येतो, पण दवाखान्यातील क्ष-किरण नळीतून निघणाऱ्या लहरी बाजारच्या दिवशीच्या गर्दीसारख्या बेशिस्त असतात. पाऊल चुकले हे कळण्यासाठी मुळात सर्वांनी पाऊल जुळवून निघालेले असावे लागते.

पहिले मोठे यश १९६५ साली आले. उलरिख बोन्से आणि मायकेल हार्ट यांनी सिलिकॉनच्या एकाच अखंड स्फटिकातून तीन पातळ पाती कोरून काढली. पहिल्या पात्याने किरणाचे दोन भाग केले, दुसऱ्याने त्यांना एकमेकांकडे वळवले आणि तिसऱ्याने पुन्हा एकत्र आणले. एका भागाच्या वाटेत वस्तू ठेवली की दोहोंतला कलेचा फरक पट्ट्यांच्या रूपाने दिसे. स्फटिकातील अणूंच्या रांगा अखंड असल्यामुळेच हे साधले.

सूक्ष्मदर्शनाच्या बाजूने जर्मनीतील ग्योटिंगेन येथे गुंटर श्माल आणि डीटबर्ट रुडॉल्फ यांनी दुसरी वाट काढली. भिंगाऐवजी त्यांनी अतिसूक्ष्म वर्तुळांची चकती वापरली. एकाआड एक पारदर्शक आणि अपारदर्शक कडी असलेली ही चकती क्ष-किरणांना एका बिंदूत आणते. १९७६ साली त्यांच्या गटाने सिंक्रोट्रॉनच्या किरणांवर चालणारा क्ष-किरण सूक्ष्मदर्शक तयार केला. पुढे त्यांनी त्यात झर्निके यांच्याच धर्तीचे कला-सरकवणारे कडे बसवले आणि कलाभेद क्ष-किरण सूक्ष्मदर्शकात अवतरला.

सिंक्रोट्रॉन म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावत असताना चुंबकाने त्यांना वळवले की त्या वळणावर ते अत्यंत प्रखर प्रकाश फेकतात. त्यात क्ष-किरणही असतात. इलेक्ट्रॉनांना मोठ्या वर्तुळाकार नळीत फिरत ठेवायचे आणि वळणावळणावर खिडक्या ठेवून हा प्रकाश बाहेर घ्यायचा, अशी ही यंत्रणा असते. हे किरण अतिशय लहानशा बिंदूतून निघून लांबवर येतात, म्हणून त्यांची पावले बरीच जुळलेली असतात.

यानंतरचे दशक या विद्येच्या भरभराटीचे होते. १९९५ साली फ्रान्समधील ग्रनोब्ल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉनवर अनातोली स्निगिरेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, स्फटिक नको आणि चकतीही नको. वस्तूपासून चित्र घेणारे साधन थोडे दूर नेले की पुरे. वस्तूतून किंचित वळलेले किरण त्या अंतरात एकत्र येतात किंवा पांगतात आणि वस्तूच्या कडा आपोआप उठून दिसतात. ओढ्याच्या तळावरची उन्हाची जाळी ती हीच. १९९६ साली ऑस्ट्रेलियात स्टीफन विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी हेच काम अतिशय बारीक बिंदूतून किरण सोडणाऱ्या प्रयोगशाळेतील नळीनेही होते हे सिद्ध केले. त्याच वर्षी जपानमध्ये आत्सुशी मोमोसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ ऊतींची अंतर्रचना रंगद्रव्य न देता त्रिमितीत पाहिली. २००२ साली डेव्हिड पॅगानिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एकाच चित्रावरून मूळ कला गणिताने काढण्याची सोपी रीत दिली. २००६ साली फ्रांझ फायफर यांच्या गटाने बारीक जाळ्या वापरून साध्या क्ष-किरण नळीवरही कलाभेदाची चित्रे मिळवली.

या सर्व खटाटोपाचे कारण एका प्रमाणात आहे. हलक्या मूलद्रव्यांच्या पदार्थात भेदक क्ष-किरणांच्या कलेवर होणारा परिणाम त्यांच्या शोषणावरील परिणामाच्या सुमारे हजारपट असू शकतो. सावलीने जे मुळीच दिसत नाही ते कलेने दिसते, याचे कारण हेच.

इंदूरचा अध्याय

आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या परिसराला क्ष-किरणांचे शास्त्र परके नाही. नागपूर विद्यापीठाचे प्रा. चिंतामणी मांडे यांनी क्ष-किरण वर्णपटांच्या अभ्यासात नाव मिळवले. या क्षेत्रातील थोर फ्रेंच विदुषी इव्हेत कोश्वा यांच्या गौरवार्थ १९८२ साली निघालेल्या ग्रंथाचे ते एक संपादक होते. परंतु कलाभेदाला लागणारा शिस्तबद्ध आणि प्रखर किरण त्या काळी भारतात कोठेच नव्हता. तो निर्माण झाला इंदुरात.

होळकरांच्या राजवटीमुळे इंदूर हे शतकांपासून मराठी माणसांचे गाव आहे. मराठीच्या राज्यसीमेबाहेर राहून महाराष्ट्र साहित्य सभेसारखी संस्था आणि तिचे ग्रंथालय जतन करणाऱ्या त्या नगरीशी आदिलाबादच्या मराठी वाचकाचे नाते सहज जुळावे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, राजुरा आणि किनवट हे मराठी भाग आपल्या जिल्ह्यातून मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्रात राहिला. तेव्हापासून सीमेपलीकडे राहून भाषा सांभाळणे म्हणजे काय असते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

या इंदुराच्या सीमेवर, सुखनिवास तलावाच्या परिसरात, १९ फेब्रुवारी १९८४ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला बसवण्यात आली. या केंद्राचे संस्थापक-संचालक डॉ. दिलीप देवीदास भवाळकर. त्यांचा जन्म १९४० साली सागर येथला. सागर विद्यापीठ आणि इंग्लंडमधील साउदम्प्टन येथे शिक्षण घेऊन ते मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसर संशोधनात रमले. १९८४ साली त्यांना भटनागर पुरस्कार आणि २००० साली पद्मश्री हा बहुमान मिळाला. लेसर हा त्यांचा मूळ विषय. तरीही त्यांच्या कारकिर्दीत इंदूरच्या केंद्राने लेसरबरोबरच सिंक्रोट्रॉनचे अवघड कार्य हाती घेतले. १९९९ साली 'इंडस-१' या लहान यंत्रातून भारतातील पहिला सिंक्रोट्रॉन प्रकाश बाहेर पडला. त्याची ऊर्जा क्ष-किरण सूक्ष्मदर्शनाला पुरेशी नव्हती. १७२.५ मीटर परिघाचे आणि २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे 'इंडस-२' हे मोठे यंत्र डिसेंबर २००५ मध्ये प्रकाश देऊ लागले. त्याच महिन्यात केंद्राला थोर शास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले.

'इंडस-२' च्या अनेक खिडक्यांपैकी एक प्रतिमा घेण्यासाठी राखलेली आहे. शोषणाची सावली आणि कलाभेद अशा दोन्ही रीतींनी तेथे चित्रे घेता येतात. वस्तू अंशाअंशाने फिरवून शेकडो चित्रे घ्यायची आणि त्यांवरून संगणकाने तिचे त्रिमिती अंतरंग उभे करायचे, हे तंत्रही तेथे चालते. मुंबईच्या भाभा केंद्रातील संशोधकांनी प्रयोगशाळेतील सूक्ष्मबिंदू नळीवर कलाभेदाचे प्रयोग केलेच होते. इंदूरच्या किरणाने त्या कामाला मोठे अंगण मिळाले. राँटगेन यांना जे वळण सापडले नव्हते ते मोजण्याची सोय एका शतकानंतर होळकरांच्या इंदुरात झाली.

दगडातील पोथ्या

ही विद्या काय वाचू शकते, याचे एक उदाहरण रामकथेमुळे आपल्या घरोघरी पोहोचलेल्या चित्रकूटचे आहे. तेथील विंध्य पर्वतातील प्राचीन खडकांत सूक्ष्म जीवाश्म सापडल्याचे डेहराडूनच्या वाडिया संस्थेतील भूशास्त्रज्ञ रफत आझमी यांनी १९९८ साली जाहीर केले. खडकांचे वय आणि जीवाश्मांचे स्वरूप यांचा मेळ बसेना, म्हणून त्यावर कडाक्याचा वाद झाला. स्वीडनचे स्टेफान बेंग्टसन आणि सहकाऱ्यांनी तेच खडक पुन्हा तपासले. २००९ साली त्यांनी मांडले की जीवाश्म खरे आहेत, पण खडक आझमींनी समजले होते त्यापेक्षा शंभर कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत. त्यानंतर सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी सूक्ष्मदर्शी त्रिमिती चित्रे घेऊन २०१७ साली त्यांनी असा निष्कर्ष प्रसिद्ध केला की, यांत सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीची लाल शैवाले असावीत. दगड न फोडता पेशींच्या आतील रचनाही दिसली. त्यांतल्या एका जीवाश्माला आझमी आणि चित्रकूट या दोघांच्या नावांवरून 'रफतआझमिया चित्रकूटेन्सिस' असे नाव देण्यात आले. एका वादग्रस्त संशोधकाचे श्रम फुकट गेले नाहीत, हे या नावाने कायमचे नोंदले गेले.

आपल्या जिल्ह्यालाही दगडातील पोथ्या नव्या नाहीत. प्राणहितेच्या दोन्ही काठांवर, म्हणजे गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात आणि २०१६ पर्यंतच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यात, जे प्राचीन थर आहेत त्यांना सिरोंच्याजवळील कोटा या गावावरून 'कोटा' थर असे नाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात या भागातील जीवाश्मांचा अभ्यास केला. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मिळालेल्या अजस्र डायनोसॉरला १९७५ साली 'बारापासॉरस टागोराय' असे नाव दिले गेले. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात त्याचे उत्खनन झाले होते. यमनपल्लीचा 'कोटासॉरस' आज हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. याच थरांत एक-दोन मिलिमीटरचे, आदिम सस्तन प्राण्यांचे दातही सापडले आहेत. दगडात रुतलेला एवढा लहान दात सुईने मोकळा करताना मोडण्याचे भय असते. अशा वस्तूंसाठीच हे सूक्ष्मदर्शन वरदान ठरते.

काजळाची शाई

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे बंद पोथीकडे येऊ.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीचा स्फोट होऊन इटलीतील हर्क्युलेनियम हे नगर गाडले गेले. तेथील एका हवेलीतील ग्रंथालय १७५२ पासून उत्खननात सापडू लागले. पपायरसच्या शेकडो गुंडाळ्या उष्णतेने कोळसा झाल्या होत्या. त्या उलगडण्यासाठी पिआज्जो नावाच्या धर्मगुरूने यंत्र तयार केले. इतरांनी सुऱ्या चालवल्या. काही ग्रंथ वाचले गेले, पण अनेक गुंडाळ्यांचा चुरा झाला. १८०२ साली त्यांतल्या सहा गुंडाळ्या नेपोलियनला भेट म्हणून मिळाल्या.

क्ष-किरण आल्यानंतर या गुंडाळ्या वाचता याव्यात अशी आशा निर्माण झाली. परंतु अडचण शाईची होती. पपायरस जळून कार्बन झालेला, आणि शाई काजळाची, म्हणजे तीही कार्बनच. दोहोंची सावली सारखीच. मृत समुद्राजवळील एन-गेदी येथील जळालेली गुंडाळी २०१६ साली नेहमीच्या क्ष-किरण त्रिमिती तंत्राने वाचता आली. तिच्यातील अक्षरे आजूबाजूच्या चर्मपत्राहून दाट दिसत होती, म्हणून ते साधले. हर्क्युलेनियमला तशी सवलत नव्हती. २०१५ साली व्हीतो मोचेल्ला आणि सहकाऱ्यांनी ग्रनोब्ल येथे नेपोलियनला मिळालेल्या गुंडाळ्यांपैकी एकीवर कलाभेद तंत्र वापरले. शाई पपायरसच्या तंतूंत न मुरता वर थरासारखी बसलेली होती. तो उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. पण तेवढ्याने किरणाचे पाऊल चुकत होते. बंद गुंडाळीच्या आत सुटी सुटी ग्रीक अक्षरे दिसली.

अक्षरांवरून वाक्यांपर्यंत जाण्यास आणखी काही वर्षे लागली. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स यांनी सिंक्रोट्रॉनवर घेतलेली त्रिमिती चित्रे सर्वांसाठी खुली केली. २०२३ साली ल्यूक फॅरिटर या विद्यार्थ्याने संगणकाला शाईच्या पृष्ठभागाचा पोत ओळखायला शिकवून पहिला अखंड शब्द वाचला. त्याचा अर्थ 'जांभळा'. फेब्रुवारी २०२४ मध्ये युसेफ नादेर, फॅरिटर आणि ज्युलियन शिलिगर यांनी दोन हजारांहून अधिक अक्षरे वाचून दाखवली. त्यांत सुख कशात आहे याविषयी एका तत्त्वज्ञाचे विवेचन निघाले. ऑक्सफर्ड येथील दुसऱ्या एका गुंडाळीचे शीर्षक २०२५ साली वाचता आले. तो फिलोडेमस याचा दुर्गुणांवरील ग्रंथ होता.

आपल्या पोथ्यांशी याचा संबंध थेट आहे. आपल्याकडील बहुतांश हस्तलिखितांची शाई काजळ आणि डिंक घोटून केलेली असते, आणि कागद अर्थातच कार्बनयुक्त तंतूंचा. सावलीच्या क्ष-किरणांना ही अक्षरे दिसणे अवघड; तेथे कलाभेदाचीच वाट धरावी लागणार. ताडपत्राची गोष्ट थोडी वेगळी. त्यावर लोखंडी लेखणीने अक्षरे कोरतात आणि मग वरून काजळ चोळतात. म्हणजे तेथे अक्षर ही खोबण असते, आणि कडा व खोबणी उठवून दाखवणे हा तर कलाभेदाचा स्वभावच आहे. आदिलाबाद हा प्रदेश असा की येथे तेलुगू ताडपत्र आणि मराठी कागदी पोथी एकाच गावात, क्वचित एकाच घरात सापडावी. जवळच्या माहूर परिसराशी महानुभाव पंथाचे जुने नाते आहे. त्या पंथीयांनी आपले वाङ्मय सकळादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. ती लिपी उलगडण्यासाठी इतिहासाचार्य राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांना परिश्रम करावे लागले. तेव्हा कुलूप लिपीचे होते, आता ते चिकटलेल्या पानांचे आहे.

या यंत्राने सर्व पोथ्या लगोलग वाचून होतील, असे मात्र कोणी समजू नये. गोल गुंडाळी सर्व बाजूंनी सारख्याच जाडीची असते. लांबट आणि चपटी पोथी तशी नसते. पानांच्या लांबीच्या दिशेने किरणांना बराच पल्ला कापावा लागतो, म्हणून पसरट वस्तूंसाठी वेगळी रीत वापरावी लागते. अति प्रखर किरणांनी कागदाच्या तंतूंवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे मात्रा जपून ठरवावी लागते. चित्र मिळाले तरी आभासी पाने सोडवून ती वाचण्यासाठी लिपी आणि भाषा जाणणारा माणूस लागतोच. मोडी, सकळ किंवा जुनी देवनागरी वाचणारे कोणी उरले नाही, तर इंदूरचा किरण आपल्या काय उपयोगाचा? हे काम भौतिकशास्त्राचे नाही. ते आपल्या महाविद्यालयांचे आणि ग्रंथालयांचे आहे.

या इतिहासातून आपल्याला घेण्याजोगा बोध अगदी व्यावहारिक आहे. हर्क्युलेनियमच्या ज्या गुंडाळ्या अठराव्या शतकातील उत्साही मंडळींनी सुरीने उघडल्या त्यांपैकी पुष्कळ गेल्या. ज्या कोणी 'काही कामाच्या नाहीत' म्हणून तशाच ठेवल्या त्या आज वाचल्या जात आहेत. आपल्या घरातील चिकटलेली पोथी सुरीने, वाफेने किंवा पाण्याने सोडवण्याचा प्रयत्न कृपया करू नये. निर्माल्य समजून ती गोदावरीत, पैनगंगेत किंवा प्राणहितेत सोडू नये. कोरड्या जागी, स्वच्छ सुती कापडात बांधून ती ठेवावी. कोणाच्या घरची, कोठून आली, कोणी पठण करीत असे, एवढी माहिती चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावी आणि ग्रंथालयाकडे नोंदवावी. २००३ साली केंद्र शासनाने हस्तलिखितांच्या नोंदीसाठी राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि २०२५ मध्ये 'ज्ञान भारतम्' या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचा संकल्प जाहीर केला. अशा सूचीत आपल्या परिसरातील पोथ्यांची नावे असावीत, यासाठी पहिली नोंदवही आपल्याच ग्रंथालयाने ठेवणे उचित होईल.

ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाच्या कार्यक्रमात सभासदांनी एवढे एक काम अवश्य घ्यावे, ही विनंती. न वाचता येणाऱ्या पोथीलाही कपाटात एक जागा असावी आणि दाखलपुस्तकात तिच्या नावाची एक ओळ असावी. ती वाचण्याचे साधन आज इंदूरपर्यंत आले आहे. ते पोथीपर्यंत येईतो पोथी शाबूत ठेवणे आपल्या हाती आहे.